पानाच्या शालीतल्या तोतयाची बखर

प्रथम नमन श्वासास, जो बोलाविल्याविना येतो आणि निरोपाविना जातो. दुसरे नमन त्या नऊ दरवाजांस, ज्यांतून अन्नही आत येते आणि अरिष्टही. राज्यशक बहात्तर, आश्विन शुद्ध पंचमी, ते दिवशी राज्यात जे अपूर्व जाहले त्याची हकीकत जिज्ञासूंनी पुसली, सबब जैसे ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. ऐसे राज्य ज्याच्या त्याच्यापाशी एकेक आहे, हाडामांसाचे, आणि ज्याचे त्यास आपलेच थोर वाटते. हे राज्य बहात्तर वर्षांचे, म्हणजे ज्याचा तो देह त्या गृहस्थास बहात्तर वर्षे पुरी जाहली होती, आणि त्याचे गुडघे तर त्याहून चार वर्षे वडील दिसत. राज्यात छातीच्या ठायी दोन थोर भाते होते, डावा आणि उजवा, त्यांच्या वाऱ्यावर सारी रयत जगे. आणि या भात्यांवर दरसाल थंडीचे दिवसांत एक गनीम चालून येई. बाहेरच्या मुलखात त्यास फ्लू म्हणतात, राज्यात त्यास पागोटेवाला म्हणत. अंगाने धुळीच्या कणाहून धाकटा, परंतु डोईस पीळदार पागोटे आणि कमरेस एक खलिता. पागोट्याचा पीळ घराच्या कडीत अडकवून तो दार उघडी आणि आत जाऊन खलिता फोडून वाचून दाखवी, आणि राज्यातली घरे अशी भोळी की लिहिलेला हुकूम दिसला म्हणजे कोणाचा हे न पुसता कामास लागत. मग ते घर आपले सर्व काम टाकून गनीमच घडवी, आणि शेवटी घर फुटून हजार पागोटी रस्त्यावर येत, आणि त्यांतला प्रत्येक नवे घर गाठी.

याजवर तोड म्हणून मागली सात वर्षे बाहेरून लस येत असे. ती कोंबडीच्या अंड्यात गनीम पोसून, मग त्यास मारून, फाडून, त्याच्या पागोट्याच्या चिंध्या करून आणिलेली. चिंध्या पाहून राज्यातले लोहार पागोट्यावर नेमक्या बसतील अशा बेड्या घडवीत, म्हणजे पीळ कडीत अडकू नये. बेड्या उत्तम, रास लागे ती पाहून कोतवालास संतोष होई. परंतु गनीम लबाड, दरसाल पागोट्याचा पीळ थोडा बदली, आणि बेडी निसटे. मागल्या साली तैसेच जाहले आणि भात्यांत पाणी भरले आणि चौदा दिवस राज्य तरते की बुडते हे कोणास सांगता येईना. त्यातून वाचले, परंतु पुन्हा एक ऐसी थंडी सोसण्याचे बळ राज्यात उरले नाही, हे सर्वांस ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते.

आता ज्यांची ही बखर त्या सगुणाबाई. राज्यात पारखी म्हणून एक जात आहे. यांची शाळा छातीच्या हाडामागे होती, राज्य लहान होते तेव्हा. तेथे प्रत्येक पारख्यास एक खूण देत, एकच, आणि सांगत की ही खूण कोठे दिसली तरच बोलणे, नाही तर जन्मभर मुकाट बसणे. आणि जो कोणी आपल्याच रयतेस परका म्हणे त्यास शाळेतच संपवीत, तेथे दयामाया नव्हती. ती शाळा केव्हाच बंद पडली, आता तेथे चरबीची कोठारे आहेत, म्हणजे जो पारखी मरे त्याची खूणही त्याजबरोबर जाई. सगुणाबाईंस खूण मिळाली ती नऊ टाक्यांच्या एका शिवणीची. कोणत्या वस्त्राची, कोणाच्या अंगावरची, हे गुरूंनी सांगितले नाही, बहुधा गुरूंसही ठाऊक नसावे. आणि बाई आज काखेच्या छावणीत, उद्या मानेच्या, परवा जांघेच्या, ऐशा सत्तर वर्षे फिरल्या. जासूद लोक रानोमाळ हिंडून जे सापडे ते आणून छावणीत उभे करीत, आणि बाई हात लावून पाहत आणि म्हणत, हे माझे नव्हे. लाखो वेळा म्हणाल्या. अंड्याच्या चिंध्या आल्या त्यांतही त्यांची शिवण निघाली नाही, किंवा इतकी जळून आली की ओळखू आली नाही. बरोबरीचे लोक थट्टा करीत की बाईंचा पाहुणा वाटेतच जेवावयास बसला. बाई हसत, परंतु आत कोठे तरी लागे. त्यांच्या खुणेचे आणखी पाच पारखी होते ते एकामागून एक गेले आणि त्या एकट्या राहिल्या. आपण गेलो म्हणजे ही शिवण ओळखणारे राज्यात कोणीच नाही, आणि ती कधी कामास येणार होती की नाही हेही कळणार नाही, हे दुःख त्यांनी कोणास सांगितले नाही.

तो दिवस उजाडला. डाव्या दंडात सुई शिरली आणि तिजबरोबर हजारो परके दंडाच्या मांसात उतरले. तेथे निंबाजी नाईक जासूद पहाऱ्यास होते. मागल्या साली गनीम नासिकाद्वाराने शिरला तेव्हा नाईक तेथेच पहाऱ्यास होते, पण गनीम ओळखण्यास चुकले, खबर दुसऱ्या जासुदाहाती एक दिवस उशिरा गेली, आणि पुढले चौदा दिवस त्या एका दिवसापायी पडले ऐसे त्यांच्या मनाने धरिले होते. आता पाहतात तो पागोटेवाला, फाडलेला नव्हे, चिंधी नव्हे, पुरा उभा, डोईस पीळ शाबूत. नाईकांनी झडप घातली, तो पागोट्याचा पीळ त्यांच्याच बाहीस अडकला आणि दोघे एकमेकांस चिकटून राहिले. मग नाईकांनी त्यास झोळीत घातला. जासुदांच्या झोळीचा दस्तुर असा की आत पडेल ते आंबटात जिरून त्याचा चुरा व्हावा आणि चुऱ्यातल्या खुणा छावणीत न्याव्या. पण हा पाहुणा चिवट निघाला. काही जिरला, काही जिरेना, आणि पागोट्याचे मोठमोठे तुकडे जसेच्या तसे राहिले. नाईकांनी आत चाचपून पाहिले तेव्हा दुसरे नवल: कमरेस खलिता नाही. आतून अगदी पोकळ. आणि अंगावर जी शाल होती तिला हिरव्या पाल्याचा वास. सत्तर वर्षांत ऐसा गनीम कोणी पाहिला नव्हता. परंतु उशिराची टोचणी मोठी, नाईक विचार करीत बसले नाहीत, दंडापासून काखेची वाट धरली आणि दीड दिवसाची चाल एका दिवसात करून छावणीत दाखल जाहले.

छावणीत रीत अशी की जासुदाने पकड अंगावर मांडून उभे राहावे आणि पारख्यांनी एकेक करून समोरून जावे. पारखी जात होते, हात लावीत होते, माझे नव्हे म्हणत होते. पाच हजार गेले. मग सगुणाबाई आल्या, सवयीने हात पुढे केला, ओठांवर सवयीचे शब्द आले, आणि हात तेथेच राहिला. एक टाका, दोन टाके, तीन. बाईंनी डोळे मिटून नवापर्यंत बोट फिरविले, मग पुन्हा पहिल्यापासून फिरविले. पागोट्याच्या आतल्या बाजूस, जेथे पीळ बदलला तरी वस्त्र बदलत नाही तेथे, त्यांची शिवण होती. बाईंस भरून आले. सत्तर वर्षांत जे बोलावयाचे होते ते बोलण्याची वेळ आली, आणि त्या एवढेच म्हणाल्या की हे माझे आहे.

तत्क्षणी छावणीचे कोतवाल विसाजीपंत दंडे मध्ये आले. यांचे काम आवर घालण्याचे. पारख्याने ओळखले म्हणून लगेच लढाई होत नसे, कोतवालाचा आडकाठीचा हक्क असे, आणि पंत तो हक्क फार कडक चालवीत. त्याचे कारण शेंगदाण्याचे बंड. राज्यशक नऊ साली एका पारख्याने शेंगदाण्यास गनीम म्हटले, आणि ते समयी पंत नवे होते, त्यांनी होकाराची मान हलविली. मग जे युद्ध जाहले त्यात राज्याचे तोंड सुजून भोपळा जाहले आणि श्वास कोंडून प्राणाशी गाठ पडली. त्या दिवसापासून शेंगदाणा दिसला की तेच युद्ध पुन्हा, म्हणून राज्याने शेंगदाणा वर्ज्य केला. चटणी गेली, चिक्की गेली, उपासाच्या खिचडीत राम उरला नाही, आणि भाजीतला कूट गेला. त्रेसष्ट वर्षे पंतांनी ते शल्य वागविले. त्यांनी निंबाजी नाईकांची पकड उलटीपालटी केली, पोकळ अंगात बोट घातले, शाल नाकास लाविली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

पंत म्हणाले, "बाई, हा तोतया आहे. खलिता नाही, कोणाचे घर हा काय फोडणार? रिकाम्या म्यानास कोणी भितो का? आणि ही शाल हुंगून पाहा. पाला आहे हा. आपण रोज पालेभाजी जेवतो. उद्या तुमची फौज भाजीवर उठली तर राज्याने खावे काय?"

पंतांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि कायदाही सर्वांस ठाऊक होता, की जो पारखी राज्याच्या अन्नावर किंवा राज्याच्या रयतेवर नाहक हाकाटी करील त्यास छावणीतच देहान्त. बाईंनी घाई केली नाही. त्यांनी नाईकांस पुसले की हा कोणत्या दरवाजाने आला. नाईक म्हणाले की दरवाजाने नव्हे, दंडातून आला, तोंडाकडून नव्हे. मग पुसले की तेथल्या रयतेने काय केले. नाईक म्हणाले की रयतेने शेकोट्या पेटविल्या आहेत, दंड ठणकतो आहे, आणि मी स्वतः धोक्याचे निशाण चढवूनच आलो आहे. मग बाई पुन्हा त्या तोतयाकडे वळल्या आणि त्यांस भयाऐवजी कुतूहल वाटू लागले. गनीम काय, येतो आणि लुटतो, त्यात नवल नाही. परंतु हे कोणी केले? ज्याने पागोटे एवढे हुबेहूब बांधिले त्यास खलिता बांधणे जड होते का? मग तो का ठेविला नाही? बाईंनी पुन्हा एकदा शिवणीवर बोट ठेविले.

मग म्हणाल्या, "पंत, ज्याने हे पाठविले त्याला आपल्याशी लढाई नको आहे. त्याला आपली आणि ह्याची ओळख करून द्यायची आहे. शाल कशाची का असेना, मी शालीची पारख करीत नाही. मी पागोटे ओळखले."

पंत म्हणाले की आणि चुकलात तर?

"चुकले तर माझं डोकं घ्या. पण मी गप्प बसले आणि थंडीत खरा आला, तर डोकं घ्यायला तुम्ही तरी उराल का?"

पंतांनी शाल पुन्हा एकदा हुंगली, मग खाली ठेविली आणि बाजूस सरले. मान हलविली नाही, आडकाठीही केली नाही. त्यांच्यासारख्या माणसाकडून एवढेच पुष्कळ होते.

बाईंचा तर्क खरा होता, हे येथे लिहून ठेवितो, कारण पुढे शोध केला तेव्हा असे कळले. दूर मुलखी काचेच्या घरांत तंबाखूच्या भाऊबंदांतले एक झुडूप लावितात. मातीत एक जंतू असतो, त्यास पूर्वीपासून खोड की झाडांत आपला हुकूम गुपचूप सरकवावा. शहाण्या लोकांनी त्या जंतूच्या हाती आपला हुकूम दिला, की गनिमाचे पागोटे तेवढे शिव, दुसरे काही नको. मग झुडपे उलटी धरून त्या जंतूंच्या पाण्यात बुडवितात आणि पानांतली हवा ओढून घेतात आणि पुन्हा सोडितात, तो पाणी पानापानात भरते. मग पान बिचारे आठवडाभर पागोटी शिवते. त्यास वाटते आपलेच काम चालले आहे. आणि पागोटे तयार होऊन पानाच्या पेशीबाहेर पडते तेव्हा पानाचेच झिरझिरीत वस्त्र ओढून पडते, तीच ती शाल. खलिता कोणी दिलाच नाही तर पान तरी कोठून घालील? अंड्यात गनीम पोसावा तर महिने लागतात, पानात काम काही आठवड्यांत होते. मनुष्याची बुद्धी पाहून अचंबा वाटतो, आणि पानाची पाहून अधिक.

इकडे छावणीत निंबाजी नाईक बसले ते उठले नाहीत. जासुदांचा धर्मच असा की खबर पोहोचविली म्हणजे आयुष्य संपले, परतीची वाट त्यांस नाही. सगुणाबाई जवळ बसल्या. नाईकांच्या अंगावर पागोट्याचा तुकडा अजून मांडलेला होता.

नाईक म्हणाले, "बाई, यंदा वेळेत आलो ना?"

"वेळेत आलात, नाईक. कितीतरी आधी आलात."

हे ऐकून नाईक निवले आणि तेथेच त्यांनी देह ठेविला. बाईंस रडावयास सवड नव्हती, कारण त्यांच्या अंगी वाढीचा जोर चढला होता. पारख्याने ओळख पटविली आणि जासुदाचे धोक्याचे निशाण मिळाले म्हणजे पारखी एकाचे दोन होतात, दोनाचे चार. आठ दिवसांत छावणीत जिकडे पाहावे तिकडे सगुणाबाई. काख सुजून टणक जाहली आणि राज्यास एक दिवस तापाची कसर आली, गृहस्थ पांघरूण घेऊन पडला आणि घरच्यांवर चिडला. बाईंनी कुऱ्हाडकऱ्यांस सांगून पाठविले, ज्यांचे काम गनिमाने घेतलेले घर ओळखून पाडण्याचे, आणि त्यांतही काहींस त्याच पागोट्याचा तुकडा निंबाजी नाईकांच्या अंगावर दिसला होता, तेही वाढले. मग बाई लोहारांकडे गेल्या. लोहारांच्या भट्ट्या बहात्तराव्या वर्षी मंद. त्यांनी घाम गाळला, परंतु बेड्यांची रास अंड्याच्या दिवसांत होई तिच्या निम्मीच जाहली. विसाजीपंत आले आणि राशीकडे पाहून म्हणाले की बाई, एवढ्याचसाठी का एवढा खटाटोप? राज्यात सर्वांची नजर राशीवरच असे, कारण रास दिसते. सगुणाबाई हजारोंनी वाढल्या होत्या आणि वस्त्याखेड्यांत आणि भात्यांच्या गल्ल्यांत जाऊन बसल्या होत्या त्या कोणी जमेस धरल्या नाहीत. राशीकडे पाहून बाईंच्याही मनात पाल चुकचुकली.

पौषात गनीम आला, खरा, कमरेस खलिता घेऊन. नातवाच्या शिंकेबरोबर नासिकाद्वाराने शिरला, आणि पागोट्याचा पीळ बदललेला. लोहारांच्या बेड्या धावल्या, काही बसल्या, बहुत निसटल्या. गनीम घशातून उतरला, डाव्या भात्याच्या तोंडाशी पोहोचला, घरामागून घर घेतले, आणि राज्यात ज्यांस मागले साल आठवत होते त्यांचा धीर सुटला. विसाजीपंतांनी देवास हात जोडिले. ते समयी भात्याच्या गल्लीगल्लीतून सगुणाबाई उठल्या. घेतलेल्या घरांच्या दारावर गनिमाच्या वस्त्राचे तुकडे लटकत होते, आणि बाईंनी बोट फिरविले, एक टाका, दोन टाके, नऊ. बाहेरचा पीळ नवा होता. आतली शिवण तीच होती. मग त्यांनी हाक दिली ती छावणीपर्यंत जाऊन परतणारी नव्हती, जागच्या जागी होती. कुऱ्हाडकरी आले आणि घेतलेली घरे फुटण्याआधीच पाडिली, लोहारांस नवा पीळ दाखविला आणि त्यांनी बेड्यांचे माप दुरुस्त केले. राज्यास ताप चढला तो तीन दिवस राहिला. अंग मोडून आले, खोकला जाहला, परंतु भात्यांत पाणी भरले नाही. चौथे दिवशी सकाळी घाम सुटला आणि गृहस्थ उशीस टेकून बसला आणि त्याने जेवावयास मागितले.

काय मागितले? मेथीची भाजी आणि भाकरी. हे वर्तमान पोटाच्या वेशीवर पोहोचले आणि तेथून विसाजीपंतांच्या कानी गेले. तीन महिने ज्या क्षणाचे भय बाळगिले तो आला. भाजी हिरवी, रसरशीत, लसणीची फोडणी, कूट अर्थात नाही. पंत धावत वेशीवर गेले आणि पाहतात तो दोहो बाजूंस सगुणाबाई उभ्या, शेकडो, लढाईहून नुकत्याच आलेल्या, अंगात अजून तापाची धग, आणि गनिमाचा शोध डोळ्यांत. ऐशा तापल्या फौजेपुढून पाला जाणार. पंतांस राज्यशक नऊ आठवले, सुजलेले तोंड आठवले, आणि त्यांनी डोळे मिटले. पहिला घास उतरला. दुसरा उतरला. पंतांनी एक डोळा उघडला. पाला चालला होता, मुकाट, आपल्या वाटेने, सगुणाबाईंच्या अंगाला घासून, आणि कोणी मान वळविली नाही. भाकरीचा शेवटचा तुकडा गेला आणि वेस मोकळी जाहली.

पंत तेथेच बसले आणि जवळच्या सगुणाबाईंस म्हणाले, "बाई, भाजी गेली."

बाई कानोसा घेत उभ्या होत्या, त्यांनी वळून पाहिले आणि म्हणाल्या, "कोणती भाजी?"

येणेप्रमाणे पानाच्या शालीतल्या तोतयाचे प्रकरण जाहले. निंबाजी नाईक छावणीत पडले. सगुणाबाईंपैकी बहुतेक लढाई सरताच विझल्या, थोड्या हाडांच्या किल्ल्यात जाऊन बसल्या आहेत आणि शिवण विसरल्या नाहीत. विसाजीपंत कोतवालीवर कायम आहेत, पण रास मोजीत नाहीत. राज्य त्र्याहत्तरात चालले आहे. श्वास येतो आहे, जातो आहे. हकीकत पुरी.